शिशाचा रंग खरवडला, आता घर कसं साफ करायचं?

जुन्या दारं-खिडक्यांचा रंग काढताना जो कचरा पडतो, त्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत चिंता आहे ती पोपड्यांची. पोपडे डोळ्यांना दिसतात, त्यामुळे ते कुणीतरी उचलतंच. खरा त्रास मागे राहिलेल्या धुळीचा असतो. ती हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. म्हणून उत्तरांतही तिलाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: रंगाऱ्याने आमच्या बेडरूमच्या दोन खिडक्या आणि एक दार मशीन लावून कोरडंच घासलं. रंग खूप जुना होता, त्यात शिसं असू शकतं हे आम्हाला नंतर कळलं. खोलीभर पांढरी पूड बसली आहे, पॅसेजमध्ये पावलांचे ठसे उमटलेत. घरात दीड वर्षांचं मूल आहे. सुरुवात कुठून करायची?

उत्तर: झाडू आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही बाजूला ठेवा. झाडूने धूळ उडते आणि काही तासांनी पुन्हा सगळ्या घरावर बसते. साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून सगळ्यात बारीक कण आरपार निघतात आणि मागच्या झरोक्यातून खोलीत फेकले जातात. त्या दोन्हींपेक्षा काहीही न करणं बरं.

मूल, घरात कुणी गरोदर असेल तर ती आणि पाळीव प्राणी यांना सफाई पुरी होईपर्यंत दुसऱ्या घरी पाठवा. त्याच घरातली दुसरी खोली पुरेशी नाही, कारण तुमची ये-जा चालूच राहणार. खोलीतला पंखा आणि एसी बंद करा. खिडक्याही लावून घ्या. ‘धूळ बाहेर जाऊ दे’ म्हणून खिडकी उघडली की वारा ती दारातून आत, उरलेल्या घरात ढकलतो. दारावर १५० मायक्रॉन जाडीचं प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून ताणून बसवा, मधोमध उभी चीर द्या आणि चिरेवर प्लास्टिकचा दुसरा तुकडा फक्त वरच्या कडेला चिकटवून पडद्यासारखा सोडा. आता तासभर आत जाऊ नका. हवेतली धूळ खाली बसली की मगच ती उचलता येते.

एवढा खटाटोप का, त्याचा हिशोब सोपा आहे. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम शिसं असलं की अमेरिकी नियमांनुसार तो शिशाचा रंग ठरतो. असा फक्त एक चौरस फूट रंग घासून त्याची पूड झाली तर त्यात साधारण ०.९३ ग्रॅम शिसं असतं. १० बाय १० फुटांच्या खोलीत ती सारखी पसरली, तर फरशीच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ९,३०० मायक्रोग्रॅम शिसं येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये फरशीवरच्या धुळीसाठी ठरवलेली मर्यादा दर चौरस फुटाला १० मायक्रोग्रॅम होती, आणि पुढे तीही खाली आणली गेली. म्हणजे खिडकीचा एक चौरस फूट घासला तरी त्या मर्यादेच्या नऊशेपट. तुमच्याकडे दोन खिडक्या आणि एक दार आहे.

सामान: हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम, पाणी फवारायची बाटली, तीन बादल्या, भांडी घासायचा साधा द्रव साबण, टाकून देता येतील असे भरपूर फडके किंवा जाड कागदी पुसणी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी, रबरी हातमोजे. तोंडाला पी १०० किंवा एफएफपी ३ दर्जाचा मास्क हवा. एन ९५ ही किमान पायरी समजा. सर्जिकल मास्क आणि रुमाल यांचा या धुळीपुढे उपयोग नाही. दाढी असेल तर चांगला मास्कही गालापाशी नीट बसत नाही आणि हवा फटीतून आत शिरते. डोक्याला टोपी, अंगावर एकदा वापरून टाकायचा अंगरखा किंवा टाकून देण्याजोगे कपडे घाला. बूट त्या खोलीपुरतेच ठेवा.

पहिल्यांदा पॅसेज ओल्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे निदान घरातल्यांची वाट मोकळी होईल. शेवटी तो पुन्हा पुसावा लागणारच आहे. मग खोलीत जाऊन मोठे पोपडे आणि पुडीचे ढीग यांवर बारीक फवारा मारा. ते ओलसर झाले पाहिजेत, वाहायला नकोत. पाणी जास्त झालं की पुडीचा चिखल होऊन फरशीच्या सांध्यांत उतरतो आणि वाळला की पुन्हा धूळ. ओलसर कचरा कागदी पुसणीने आतल्या बाजूला घडी घालत उचला आणि तिथल्या तिथे पिशवीत टाका. सुपलीने ओढू नका.

त्यानंतर हेपा व्हॅक्यूम. छताजवळून खाली या: भिंतींचा वरचा भाग, पंख्याची पाती, कपाटाचा माथा, दाराच्या चौकटीची वरची कड, खिडकीचा कट्टा, झडपेखालची खाच आणि सगळ्यात शेवटी फरशी. फरशीवर दारापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे मागे मागे सरका. तोंड हळू फिरवा. भराभर पुढे-मागे केलं तर मशीनला धूळ खेचायला वेळच मिळत नाही.

आता धुणं. एका बादलीत साबणाचं पाणी, १० लिटरला दोन-तीन चमचे साबण पुरतो. दुसरी बादली रिकामी, त्यात फडका पिळायचा. तिसरीत साधं स्वच्छ पाणी. फडका साबणाच्या पाण्यात बुडवून पुसा, रिकाम्या बादलीत पिळा, स्वच्छ पाण्यात खळबळा, पुन्हा पिळा आणि मगच परत साबणाच्या बादलीत घाला. पाणी गढूळ दिसायला लागण्याआधी बदला. नेहमी चूक होते ती इथेच. एका बादलीत, एकाच फडक्याने अख्खी खोली पुसली जाते, फरशी चकचकीत दिसते, आणि शिशाचा पातळ थर सगळीकडे सारखा पसरलेला असतो. साबणाने पुसून झालं की दुसऱ्या, नव्या फडक्याने साध्या पाण्याचा हात फिरवा, कारण साबणाचा चिकट थर राहिला तर धूळ त्यालाच धरून बसते. सगळं पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा एकदा वरून खाली व्हॅक्यूम करा. स्विच आणि प्लगच्या आसपास पाणी वापरण्याआधी वीज बंद करा. तिथे फवारा नको, पिळलेला ओलसर फडका फिरवा.

झालं की नाही हे कसं कळणार? ओलसर केलेला नवा पांढरा कागदी फडका घेऊन साधारण ४० चौरस फुटांचा एक भाग पुसा. खिडकीच्या प्रत्येक कट्ट्याला वेगळा फडका घ्या. फडका करडा आला तर तो भाग पुन्हा धुवायचा. ही चाळणी आहे, खात्री नव्हे. दीड वर्षांचं मूल जमिनीवर रांगणार आणि खेळणार असेल, तर ठरावीक मापाचा भाग पुसून तो फडका प्रयोगशाळेत तपासून घेणं योग्य. नमुना सफाईनंतर निदान तासभर थांबून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत मुलाला त्या खोलीत आणू नका.

प्रश्न: सफाईला व्हिनेगर चांगलं की ब्लीच? काही जण ट्रायसोडियम फॉस्फेट सांगतात.

उत्तर: तिन्ही नकोत. एकेकाळी फॉस्फेटचा आग्रह होता, पण साध्या डिटर्जंटने काम तितकंच चांगलं होतं. ब्लीच जंतूंसाठी आहे, शिसं काही मरत नाही. धूळ भिजवून, धरून उचलायची आहे, आणि ते काम साबण, भरपूर पाणी आणि सतत बदललेला फडका करतो. हात पुसायच्या सॅनिटायझरबद्दलही हेच: त्याने शिसं निघत नाही, हात साबणाने वाहत्या पाण्याखालीच धुवा.

प्रश्न: रंगात शिसं आहे हे घरच्या घरी ओळखता येतं का? रंग बदलणारी काडी मिळते, तिच्यावर विसंबावं का?

उत्तर: आधी रंगाचं वय बघा. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंधन आलं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. ज्या देशात नियम उशिरा आला, तिथे ‘आमचं घर काही तेवढं जुनं नाही’ हा दिलासा फसवा असतो.

मग रंगाचा प्रकार. शिसं जास्त करून तैलरंगात सापडतं: दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे, लोखंडी जाळ्या, जुनी लाकडी खेळणी आणि पाळणे. पांढऱ्यात पूर्वी सफेदा म्हणजे शिशाचं कार्बोनेट असे. भडक पिवळ्या आणि नारिंगी रंगांत लेड क्रोमेट हे शिशाचं संयुग असे. काही रंगांत लवकर वाळावं म्हणून शिशाचे क्षार घातलेले असत. लोखंडावरच्या अस्तराबाबत एक गोंधळ नेहमी होतो. विटकरी दिसणारं रेड ऑक्साइड हे लोखंडाचं ऑक्साइड आहे, शेंदरी दिसणारं रेड लेड हे शिशाचं. दोन्ही अस्तर म्हणून वापरली गेली आहेत, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. चुन्याच्या साध्या सफेदीत मात्र शिसं असण्याची शक्यता कमी.

काडीचं म्हणाल तर, होकार आला तर तो गंभीरपणे घ्या, नकार आला म्हणून निश्चिंत होऊ नका. ऱ्होडिझोनेट या रसायनाची काडी शिसं भेटलं की गुलाबी-लाल होते. पण लाल रंग स्वतःच काडीला लागला तर खोटा होकार मिळतो, आणि प्लास्टरमधल्या जिप्समची पूड काडीला लागली तर खोटा नकार. सल्फाइडची चाचणी काळी पडते, त्यामुळे गडद रंगावर ती वाचताच येत नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे काडी वरच्या थरावर घासणं. वरचा थर नवा आणि निर्धोक असतो, शिसं खाली तिसऱ्या-चौथ्या थरात. धारदार पात्याने तिरका छेद देऊन उघड्या लाकडापर्यंतचे सगळे थर दिसतील असं करा आणि काडी त्या छेदावर फिरवा. छेद देण्याआधी जागा ओलसर करा, नंतर ती पुसा आणि फडका टाकून द्या.

पक्कं उत्तर प्रयोगशाळेचं. नाण्याएवढा पोपडा, सगळ्या थरांसह पण लाकूड किंवा प्लास्टर न लागता, बंद पिशवीत पाठवायचा. क्ष-किरणांच्या हातयंत्राने रंग न खरवडताही मोजता येतं, पण ते चालवणारा जाणकार हवा. यांपैकी काहीच शक्य नसेल तर शिसं आहे असं धरूनच काम करा. चुकलात तरी काही फडकेच जास्त जातील.

प्रश्न: आमच्याकडच्या व्हॅक्यूमवर ‘हेपा टाइप’ लिहिलं आहे. चालेल का?

उत्तर: नाही. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. ‘टाइप’ किंवा ‘सारखा’ असं लिहिलं असेल तर ती हमी नसते. शिवाय नुसता फिल्टर पुरत नाही. मशीनच्या सांध्यांतून हवा फिल्टरला बगल देऊन बाहेर पडत असेल तर आत कितीही चांगला फिल्टर बसवा, फुकट. शिशाच्या धुळीसाठी बनवलेलं मशीन भाड्याने मिळालं तर उत्तम. नसेल मिळत तर व्हॅक्यूम वगळा आणि वर सांगितलेलं ओलं काम दर वेळी वाळू देऊन तीनदा करा. गुळगुळीत फरशीवर ते चांगलं साधतं.

तुमचं मशीन आधीच या धुळीवर फिरवलं असेल तर ते आता दूषित समजा. घरात उघडू नका. नळी, ब्रश, पिशवी सगळीकडे पूड आहे आणि ती पूर्ण निघत नाही. टाकून द्या असं सांगणं आम्हालाही जिवावर येतं, पण तेच सांगावं लागेल.

प्रश्न: गालिचा, सोफा, गादी आणि मुलांची खेळणी यांचं काय करायचं?

उत्तर: कडक प्लास्टिकची आणि लाकडी खेळणी साबणाच्या पाण्यात धुवा, वाहत्या पाण्याखाली खळबळून घ्या. कापडी बाहुल्या धुण्याजोग्या असतील तर मशीनमध्ये इतर कपड्यांपासून वेगळ्या धुवा. ज्या खेळण्याचा रंगच सुटतो आहे ते धुऊन उपयोग नाही, ते टाका.

चादरी, पडदे झटकू नका. जागच्या जागी ओलसर करून घडी घाला, पिशवीत भरा आणि मगच धुवायला न्या.

गालिचा अवघड आहे. धूळ धाग्यांच्या बुडाशी आणि खालच्या अस्तरात जाते. वरून व्हॅक्यूम केलं की वरचा भाग स्वच्छ होतो, चालल्यावर खालची धूळ पुन्हा वर येते. जुना गालिचा असेल तर फवारा मारून, आत वळवत गुंडाळून, प्लास्टिकमध्ये बांधून काढून टाका. नंतर खालची फरशी पूर्ण धुवा. ठेवायचाच असेल तर हेपा व्हॅक्यूम आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी सावकाश फिरवा, गालिचा उलटा करून मागची बाजू करा आणि परत पुढची. एवढं करूनही लहान मूल त्यावर लोळणार असेल तर आमचं मत काढून टाकण्याकडेच झुकतं. सोफा आणि गादीला वरचं आवरण काढता येत असेल तर बरंच निभावतं. धूळ आत भरलेल्या फोमपर्यंत गेली असेल तर वरवरच्या सफाईने भागत नाही.

प्रश्न: हीट गनने रंग काढला तर धूळ होत नाही ना? उरलेल्या जुन्या लाकडी चौकटी जाळून टाकल्या तर?

उत्तर: धूळ कमी होते, पण तापमान वाढलं की शिशाचे धूर निघतात, आणि श्वासातून गेलेलं शिसं पोटातल्यापेक्षा सहज रक्तात उतरतं. अमेरिकी नियमांत ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५९० सेल्सियसच्या वर तापणाऱ्या हीट गनला आणि उघड्या ज्योतीला बंदी आहे. ती अगदी शेवटची रेघ आहे. रंग मऊ पडला, फुगला की लगेच पट्टीने उचला. धूर दिसला किंवा रंग करपला म्हणजे तुम्ही फार वर गेलात. खाली पडलेले मऊ लगदे थंड झाले की ठिसूळ होतात आणि बुटाखाली चुरतात, तेव्हा तेही लगेच पिशवीत.

चौकटी जाळू नका. चुलीत नको, शेकोटीत नको, अंगणातही नको. लाकूड जळतं, शिसं जळून नाहीसं होत नाही. काही धुरात जातं, उरलेलं राखेत, आणि तीच राख कुणीतरी झाडांना घालतं किंवा भांड्यांना लावतं.

रंग काढायची रसायनं वापरणार असाल तर मेथिलीन क्लोराइड असलेली टाळा, बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावलेली आहेत.

प्रश्न: फडके धुतलेलं पाणी आणि भरलेल्या पिशव्या कुठे टाकायच्या?

उत्तर: पाणी बागेत, रस्त्यावर किंवा पावसाच्या पाण्याच्या गटारात ओतू नका. जुन्या दाट कापडातून गाळून घ्या, गाळ आणि कापड कचऱ्याच्या पिशवीत टाका आणि गाळलेलं पाणी शौचालयात ओता. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, तिथे भांडी आणि भाज्या धुतल्या जातात. सांडपाणी शोषखड्ड्यात जात असेल आणि जवळ विहीर असेल तर आधी स्थानिक आरोग्य विभागाला विचारा.

पिशव्या तीन चतुर्थांशच भरा, तोंड पिळून घट्ट वळवा, वळलेला भाग खाली दुमडून चिकटपट्टी गुंडाळा. नुसती गाठ मारली तर पिशवी दाबली जाताना पूड फुस्सदिशी बाहेर येते. पिशवीची बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसून ती दुसऱ्या पिशवीत घाला, आणि मगच खोलीबाहेर काढा. टोकदार पोपडे आणि खिळे असतील तर आत पुठ्ठ्याचा खोका ठेवा. घरगुती प्रमाणातला असा कचरा कुठे सामान्य कचऱ्यात घेतात, कुठे घातक म्हणून वेगळा. फोन करून विचारून घ्या. भंगारवाल्याला रंग लागलेल्या जाळ्या आणि चौकटी देऊ नका, तिथे त्या कोरड्या घासल्या किंवा वितळवल्या जातात.

प्रश्न: बाहेरच्या भिंतीचा आणि खिडक्यांचा रंग खरवडला. पोपडे खालच्या मातीत पडलेत, तिथेच पालेभाजीचे वाफे आहेत.

उत्तर: कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी हात लावू नका. माती हलकी शिंपून ओलसर करा, पोपडे हाताने वेचा. दाताळ्याने ओढले की ते तुटतात आणि मातीत मिसळतात. सापडण्यासारखे सगळे निघाल्यावर वरची काही सेंटिमीटर माती फावड्याने अलगद उचलून पिशवीत भरा.

मातीतलं शिसं आपोआप संपत नाही, पावसानेही फारसं खाली वाहून जात नाही, वरच्या थराला धरून राहतं. घराच्या भिंतीलगतची पट्टी म्हणूनच बहुतेक जुन्या घरांत सगळ्यात जास्त दूषित असते. तिथे भाजी लावू नका, विशेषतः पालेभाज्या आणि कंद. पानांना आणि मुळांना चिकटलेली माती हाच मुख्य धोका असतो, फळभाज्यांना तो कमी. मातीची तपासणी होईपर्यंत वाफे भिंतीपासून लांब हलवा किंवा तळाला जाड कापड घालून विकत आणलेल्या मातीचे उंच वाफे करा. भिंतीलगतची उघडी माती गवताने, पालापाचोळ्याच्या जाड थराने किंवा खडीने झाका, म्हणजे मुलं तिथे खेळली तरी हाताला माती लागणार नाही.

पुढच्या वेळी काम सुरू करण्याआधी भिंतीपासून निदान १० फूट लांबपर्यंत प्लास्टिक अंथरा आणि त्याच्या बाहेरच्या कडा उचलून ठेवा. वारा जोरात असेल त्या दिवशी काम नको. रोज संध्याकाळी प्लास्टिकवरचा कचरा ओलसर करून गोळा करा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

प्रश्न: मुलाला काहीच त्रास दिसत नाही. तरी रक्त तपासायचं का? आणि कामाचे कपडे घरच्या मशीनमध्ये टाकले तर चालतात का?

उत्तर: तपासा. रक्तात शिसं वाढलेलं असताना मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड ही लक्षणं येतात ती बरीच वाढ झाल्यावर. प्रौढ माणूस पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. शरीरात लोह कमी असेल किंवा पोट रिकामं असेल तर आणखी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम ही लक्ष देण्याची पातळी धरली आहे.

बोटाला टोचून केलेली चाचणी वाढीव आली तर घाबरण्याआधी शिरेतलं रक्त घेऊन खात्री करा, कारण बोटाच्या कातडीवर शिशाची धूळ असेल तर ती त्या थेंबात मिसळते. रक्तातलं निम्मं शिसं साधारण महिन्याभरात कमी होतं, पण त्यातलं बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळे उशिरा केलेली, कमी आलेली चाचणी म्हणजे काही झालंच नव्हतं असं नाही. डॉक्टरांना काम कधी झालं ती तारीख सांगा. शिसं बाहेर काढणारी औषधं मुलांना सहसा ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे आणि वैद्यकीय देखरेखीखालीच देतात. त्याच्या खाली उपचार म्हणजे घरातली धूळ काढणं आणि आहारात लोह व कॅल्शियम पुरेसं ठेवणं. ‘शिसं उतरवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि काढे देऊ नका. अशा काही औषधांतच शिसं सापडलेलं आहे. खोली स्वतः साफ करणाऱ्यानेही आपलं रक्त तपासून घ्यावं.

कपड्यांचं उत्तर: वेगळे, लगेच, न झटकता. खोलीतच अंगरखा आतली बाजू बाहेर करत उतरवा, पिशवीत घाला. मास्क सगळ्यात शेवटी काढायचा. हात-तोंड धुवा, केसांवरून अंघोळ करा, आणि मगच काही खा-प्या किंवा मुलाला उचलून घ्या. कपडे धुतल्यावर मशीन एकदा रिकामं फिरवा.

प्रश्न: दर आठवड्याला पुसूनही खिडकीच्या कट्ट्यावर पांढरी भुकटी येतेच. वरून दोन हात नवा रंग दिला, तरी फरक नाही.

उत्तर: भुकटी येते ती झडप चौकटीवर घासल्याने. नवा रंग तिथे कितीही द्या, खिडकी उघडली-मिटली की तो कातरला जातो आणि जुन्याला सोबत घेऊन येतो. उलट रंगाचे थर वाढल्याने झडप आणखी घट्ट बसते आणि घासणं वाढतं. रंगाखाली कोंडून ठेवायची लेपनंही घर्षणाच्या जागी टिकत नाहीत, ती भिंतीला किंवा छताला ठीक.

उपाय घासण्याच्या जागेवरच करावा लागतो. खाली आणि बाजूंना सहा फुटांपर्यंत प्लास्टिक अंथरा. झडप बिजागरीतून काढा, ज्या कडा चौकटीला लागतात तेवढ्याच कडांवर फवारा मारत हाताच्या रंध्याने किंवा खरवडणीने रंग लाकडापर्यंत उतरवा. मशीन नको, कोरडा पॉलिश पेपर नको. गुळगुळीत करायचं तर वॉटर पेपर सतत ओला ठेवून वापरा आणि निघणारा लगदा वाळायच्या आत पुसून घ्या. झडप आणि चौकट यांत दोन-तीन मिलिमीटरची मोकळी फट राहिली पाहिजे, नवा रंग दिल्यानंतरही. बिजागरी सैल झाली असेल तर झडप खाली लोंबते आणि फट असूनही एका कोपऱ्यात घासतेच, म्हणून स्क्रू घट्ट करा किंवा बिजागरीच बदला. सरकणारी खिडकी असेल तर खाचेत धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी बसवता येते, म्हणजे लाकूड लाकडावर घासत नाही.

पावसाचं पाणी आत येऊन खाचेत साठत असेल तर ते आधी थांबवा. ओल शिरली की रंग फुगून सुटणारच, मग खालचं सगळं काम वाया. काम झाल्यावर कट्टा आणि खाच पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे धुवा. महिन्याभराने पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसून बघा, आणि त्यावर पुन्हा भुकटी आली तर झडपेची कोणती कड चकाकते आहे ते शोधा. घासतं ते तिथेच.